फ्रॉमबोर्कचा कॅनन आणि वऱ्हाडचे आकाश

उन्हाळ्याच्या सुटीत अमरावती वा अकोल्यातील आपल्या कोणत्याही कॅथलिक घरी दुपारच्या वेळी जावे, तर एक दृश्य हमखास दिसते. बाहेर ऊन रणरणत असते, खिडकीत कूलर घरघरत असतो आणि घरातील मुले पडद्यापुढे बसून व्हिडिओ गेम खेळण्यात गढलेली असतात. वडीलधारे रागावतात, आम्हीही रागावत आलो आहोत. परंतु या खेळांतून मुले केवळ वेळ दवडतात असे नाही, ती इतिहासही शिकतात. आणि तो कोणता इतिहास असतो, हे पाहण्याची तसदी आपण मोठी माणसे क्वचितच घेतो. आम्हांला ती घ्यावी लागली ती एका प्रश्नामुळे. दृढीकरण संस्काराची तयारी करणाऱ्या मुलांच्या वर्गात एका मुलाने सरळ विचारले, "पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे म्हटले म्हणून कोपर्निकसला आपल्याच चर्चने मारले ना?"

हे त्याने कोठे वाचले, असे विचारता कळले की वाचले नव्हते, खेळात पाहिले होते. 'असॅसिन्स क्रीड' नावाची ऐतिहासिक खेळांची एक मालिका २००७ सालापासून जगभर खेळली जाते. तिच्या २०१० साली निघालेल्या 'ब्रदरहूड' या भागात सोळाव्या शतकारंभीचे रोम नगर उभे केले आहे आणि त्याच्या एका पुरवणी कथेत तरुण कोपर्निकस अवतरतो. त्याच्या जिवावर उठलेल्या कटवाल्यांपासून खेळाचा काल्पनिक नायक एत्सिओ त्याचे रक्षण करतो. या मालिकेत पोप सहावे अलेक्झांडर हेच एका गुप्त संघटनेचे म्होरके दाखविले आहेत. तेव्हा मुलाने काढलेला निष्कर्ष त्याच्या परीने तर्कशुद्धच होता.

अशा वेळी दोन सोपे मार्ग असतात. एक, "हे सगळे खोटे आहे, ख्रिस्तसभेच्या वैऱ्यांनी रचलेले आहे" असे म्हणून मुलाला गप्प करणे. दुसरा, "तो जुना काळ होता, जाऊ दे" असे म्हणून विषय टाळणे. दोन्ही मार्गांनी मुलाचा प्रश्न शिल्लकच राहतो, आणि असे शिल्लक राहिलेले प्रश्नच पुढे तरुणांना मिस्सेपासून दूर नेतात, असा आमचा अनुभव आहे. म्हणून तिसरा, जरा कष्टाचा मार्ग धरावा आणि घडले ते जसे घडले तसे सांगावे, असे आम्हांस वाटते.

ज्युबिली वर्षातील विद्यार्थी

निकोलस कोपर्निकसचा जन्म पोलंडमधील व्हिस्तुला नदीकाठच्या तोरून शहरी १९ फेब्रुवारी १४७३ रोजी झाला. चार भावंडांत तो धाकटा. वडील व्यापारी होते. निकोलस दहा वर्षांचा असताना ते वारले आणि मुलांचा भार मामाने उचलला. हे मामा लुकास वात्झेनरोडे पुढे वार्मिया धर्मप्रांताचे बिशप झाले. भाच्याच्या शिक्षणास त्यांनी काही कमी पडू दिले नाही. १४९१ साली क्राकोव विद्यापीठात आणि १४९६ साली इटलीतील बोलोन्या विद्यापीठात, असा त्याचा प्रवास झाला. बोलोन्याला तो गेला होता ख्रिस्तसभेच्या कायद्याचा अभ्यास करण्यासाठी. पण राहिला दोमेनिको मारिया नोव्हारा या ज्योतिर्विदाच्या घरी. ९ मार्च १४९७ च्या रात्री चंद्राने एक तेजस्वी तांबूस तारा झाकला. ते पिधान कोपर्निकसने पाहिले, टिपून ठेवले आणि चाळीसहून अधिक वर्षांनी आपल्या ग्रंथात वापरले. तो तारा होता आपली रोहिणी. उन्हाळ्यात सूर्य रोहिणीत आला की वऱ्हाडातला शेतकरी पेरणीपूर्व मशागत उरकू लागतो; तीच ही रोहिणी.

१५०० साली रोममध्ये ज्युबिली वर्ष साजरे होत होते आणि त्या वर्षी कोपर्निकस रोममध्ये होता. यात्रेकरूंनी नगर फुलून गेले होते. तेथे त्याने गणितावर व्याख्याने दिली, असे त्याच्या शिष्याने लिहून ठेवले आहे, आणि ६ नोव्हेंबरच्या रात्री चंद्रग्रहणाचा वेध घेतला. खेळातील रोम आणि खरे रोम येथपर्यंत जुळते. परंतु त्याच्या जिवावर कोणी उठल्याची नोंद इतिहासात नाही. तो पुढे पादुआला वैद्यकी शिकला, १५०३ साली फेर्रारा विद्यापीठाची ख्रिस्तसभेच्या कायद्यातील डॉक्टर ही पदवी घेतली आणि सुखरूप मायदेशी परतला.

मायदेशी त्याचे स्थान ठरलेलेच होते. फ्रॉमबोर्क येथील कॅथेड्रलचा तो 'कॅनन' होता. कॅनन म्हणजे कॅथेड्रलचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचा सभासद. मिस्सा अर्पण करणारा धर्मगुरूच असला पाहिजे असे नव्हे. उरलेले सारे आयुष्य त्याने ख्रिस्तसभेच्या या चाकरीत काढले. मामांचा वैद्य आणि चिटणीस म्हणून काम केले. कॅथेड्रलच्या जमिनी कुळांना लावून दिल्या. १५२० साली ट्युटॉनिक सरदारांनी स्वारी केली तेव्हा ओल्श्टिनच्या किल्ल्याच्या बचावाची व्यवस्था पाहिली. बाजारात हिणकस नाणे आले की चांगले नाणे नाहीसे होते, हे दाखवून देत नाणेसुधारणेवर प्रबंध लिहिला. आकाशाचा अभ्यास हा या सर्वांतून उरलेल्या वेळेचा उद्योग होता.

येथे आणखी एका खेळाची आठवण होते. १९९१ साली निघालेल्या 'सिव्हिलायझेशन' या खेळात जगातील आश्चर्यांमध्ये 'कोपर्निकसची वेधशाळा' नावाची भव्य वास्तू आहे. ती बांधली की नगराची विद्या वाढते. प्रत्यक्षात अशी वास्तू कधीच नव्हती. दुर्बीण तर त्याच्या मृत्यूनंतर साठ-पासष्ट वर्षांनी आली. लाकडाच्या पट्ट्या जोडून केलेली, कोन मोजण्याची साधी उपकरणे, बाल्टिक किनाऱ्यावरचे धुकट आकाश आणि जुन्या ज्योतिर्विदांच्या नोंदी, एवढ्याच सामग्रीवर त्याने काम केले. मुलांना हे अवश्य सांगावे. भव्य इमारत नसली म्हणून विद्या अडत नाही, हा धडा आपल्या लहान गावांतील शाळांना फार उपयोगी आहे.

ग्रंथ कोणी छापविला?

पृथ्वी स्वतःभोवती एका दिवसात आणि सूर्याभोवती एका वर्षात फिरते, हा विचार त्याने १५१४ च्या सुमारास एका छोट्या हस्तलिखितात मांडून मित्रांत फिरविला. पूर्ण ग्रंथ मात्र दीर्घकाळ राखून ठेवला. कशाच्या भयाने? त्याने स्वतःच सांगितले आहे की, विद्वान हसतील याच्या भयाने. ही भीती अगदीच निराधार नव्हती. पृथ्वी जर एवढी मोठी फेरी मारत असेल, तर वर्षभरात तारे थोडेतरी सरकलेले दिसावयास हवेत. ते तसे दिसत नव्हते. तारे कल्पनेपलीकडे दूर असल्यामुळे ते सरकणे डोळ्यांना दिसत नाही, हे कोपर्निकसचे उत्तर बरोबर होते. पण त्याचा पुरावा जर्मन ज्योतिर्विद बेसेल याने दिला तो १८३८ साली.

मग ग्रंथ बाहेर आला कसा? येथे इतिहास खेळाच्या अगदी उलट आहे. १५३३ साली व्हॅटिकनच्या बागेत पोप सातवे क्लेमेंट यांना हा नवा सिद्धांत त्यांच्या चिटणिसाने समजावून सांगितला. पोपनी रागावण्याऐवजी त्याला एक मौल्यवान हस्तलिखित बक्षीस दिले. १५३६ साली कार्डिनल शोनबर्ग यांनी रोमहून कोपर्निकसला पत्र लिहून ग्रंथाची प्रत मागितली आणि नकलेचा खर्च देऊ केला. कोपर्निकसचे जिवलग मित्र बिशप टिडेमान गीझे वर्षानुवर्षे ग्रंथ छापण्याचा आग्रह धरून होते. १५३९ साली विटेनबर्गहून रेटिकस नावाचा पंचविशीतला लुथरन प्राध्यापक येऊन दाखल झाला. युरोपात कॅथलिक आणि लुथरन एकमेकांविरुद्ध उभे ठाकले होते, त्या दिवसांत या लुथरन तरुणाने कॅथलिक कॅननजवळ दोन वर्षांहून अधिक काळ राहून शिष्यत्व पत्करले आणि ग्रंथ न्यूरेंबर्गच्या छापखान्याकडे नेला. ग्रंथ पोप तिसरे पॉल यांना अर्पण केला होता. कार्डिनलांचे पत्रही आरंभी छापले होते.

एक गालबोट मात्र लागले. छपाईवर देखरेख करणाऱ्या ओसियांडर या लुथरन धर्मोपदेशकाने लेखकाला न विचारता, निनावी प्रस्तावना जोडली. हा सिद्धांत खरा मानण्याचे कारण नाही, हिशेबाची ती एक सोय आहे, असा तिचा आशय होता. बिशप गीझे यांनी न्यूरेंबर्गच्या नगरसभेकडे याबद्दल तक्रार केली. पण छापलेले पान पुसले गेले नाही. तोवर कोपर्निकसही राहिला नव्हता. २४ मे १५४३ रोजी त्याला देवाज्ञा झाली. छापून आलेला ग्रंथ त्याने पाहिला तो अखेरच्या दिवशी, असे गीझे यांनी कळविले आहे. तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे की, कोपर्निकसला कोणीही मारले नाही. तो सत्तर वर्षांचा होऊन, आपल्याच कॅथेड्रलच्या छायेत निवर्तला.

जे झाकू नये ते

परंतु येथे थांबणे म्हणजे अर्धसत्य सांगणे होईल. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर त्र्याहत्तर वर्षांनी, ५ मार्च १६१६ रोजी, रोमच्या ग्रंथनियंत्रक मंडळाने तो 'दुरुस्त होईपर्यंत' स्थगित केला. १६२० साली दुरुस्त्या जाहीर झाल्या. जेथे कोपर्निकसने पृथ्वीच्या गतीला सत्य म्हटले होते, तेथे तिला कल्पना म्हणावे, असा त्यांचा रोख होता. इटलीतील अनेक प्रतींत त्याप्रमाणे ओळी खोडलेल्या आढळतात. २२ जून १६३३ रोजी गॅलिलिओला गुडघे टेकून आपले मत सोडल्याचे जाहीर करावे लागले आणि उरलेले आयुष्य स्वतःच्या घरात नजरकैदेत काढावे लागले. पृथ्वीच्या गतीचे समर्थन करणाऱ्या पुस्तकांवरील सरसकट बंदी १७५८ साली निघाली, आणि कोपर्निकस व गॅलिलिओ यांची नावे निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून प्रत्यक्षात वगळली गेली ती १८३५ च्या आवृत्तीत. ज्या कॅननच्या पाठीशी कार्डिनल आणि बिशप उभे होते, ज्याचा ग्रंथ पोपच्या नावे होता, त्याला त्याच्याच घराने दोनशेहून अधिक वर्षे उंबऱ्याबाहेर उभे केले. हे आम्ही मुलांपासून लपवू इच्छीत नाही.

असे का झाले? पुष्कळ कारणे आहेत; पण मुख्य चूक पवित्र शास्त्र वाचण्याच्या रीतीत होती. यहोशवाच्या पुस्तकात सूर्य थांबल्याचे वर्णन आहे. तेव्हा सूर्यच फिरतो, असा युक्तिवाद केला गेला. आता आपल्या वऱ्हाडातील शेतकऱ्याचे बोलणे ऐका. ७ जूनच्या सुमारास तो म्हणतो, "आज सूर्य मृगात शिरला." शाळेत शिकलेला असो वा नसो, त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही. तो पेरणीची वेळ सांगत असतो; ग्रहगोलांचे गणित मांडत नसतो. पवित्र शास्त्रही माणसाशी माणसाच्या बोलीत बोलते. ते आपणांस तारणाची वेळ सांगते. आकाशाचे यंत्र कसे चालते हे सांगण्याची जबाबदारी त्याने घेतलेली नाही. एवढे ध्यानी घेतले असते, तर १६१६ टळले असते.

आपल्या पूर्णाकाठची माणसे

हे सारे दूर युरोपात घडले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणास वाटेल. म्हणून थोडे आपल्या भूमीकडे वळू. मेळघाटाच्या पायथ्याने अमरावती व अकोला जिल्ह्यांतून वाहत जाणाऱ्या पूर्णेला जुन्या ग्रंथांत पयोष्णी म्हणतात. या पयोष्णीच्या काठी, विदर्भातील दधिग्राम येथे, चिंतामणी नावाच्या ज्योतिष्याचे घराणे नांदत होते. त्याचा वंशज बल्लाळ काशीस जाऊन राहिला. बल्लाळाचा एक पुत्र कृष्ण याने भास्कराचार्यांच्या बीजगणितावर टीका लिहिली. तो जहांगीर बादशहाच्या पदरी होता. दुसरा पुत्र रंगनाथ याने १६०३ साली सूर्यसिद्धांतावर 'गूढार्थप्रकाशक' ही टीका रचली. त्याच वर्षी जन्मलेल्या त्याच्या मुलाने, मुनीश्वराने, पुढे 'सिद्धांतसार्वभौम' हा ग्रंथ लिहिला.

हा काळ ध्यानात घ्यावा. तिकडे गॅलिलिओ दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहत होता, त्याच पिढीत वऱ्हाडातून गेलेले हे पंडित काशीत ग्रहगणित करीत होते. त्यांच्या सिद्धांतात पृथ्वी गोल होती, आधाराशिवाय अंतराळात होती. पण स्थिर होती आणि मध्यभागी होती. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे म्हटले होते. पुढील बहुतेक ज्योतिष्यांनी ते स्वीकारले नाही. म्हणजे पृथ्वी स्थिर मानणे हा एकट्या रोमचा अडाणीपणा नव्हता. फिस्कटले ते एका विद्याप्रश्नाचा निकाल हुकमाने लावू गेल्यामुळे.

कोपर्निकस मराठीत आला तो सातपुड्यापलीकडून. भोपाळजवळच्या सिहोर येथे लान्सलॉट विल्किन्सन हा इंग्रज अधिकारी संस्कृत पाठशाळेला उत्तेजन देत असे. आधी भास्कराचार्यांच्या सिद्धांताने पृथ्वीचे गोलत्व पटवावे आणि मग त्याच पायरीवरून कोपर्निकसकडे न्यावे, अशी त्याची पद्धत होती. तेथील मराठी पंडित सुबाजी बापू यांनी 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' हे मराठी पुस्तक लिहिले. त्यात पुराणांचे मत, सिद्धांतांचे मत आणि कोपर्निकसचे मत अशी तिन्ही शेजारी ठेवून त्यांची तुलना केली होती. हे पुस्तक निघाले १८३६ साली. रोमच्या यादीतून कोपर्निकसचे नाव निघाले १८३५ साली! रोमने ज्याच्यासाठी दार उघडले, तो वर्षभरातच मराठी माणसाच्या दारी येऊन उभा राहिला.

याच विल्किन्सनने १८३८ साली नागपुरात एक हुशार मुलगा हेरला आणि त्याला सिहोरला नेले. अहमदनगरकडील घराण्यातला हा मुलगा नागपुरात मराठी शाळेत शिकला होता आणि तेथेच लीलावती व बीजगणित यांचे पाठ घेत होता. हेच पुढे काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झालेले महामहोपाध्याय बापूदेव शास्त्री. त्यांनी सूर्यसिद्धांताचा इंग्रजी अनुवाद केला आणि जुन्या-नव्या ज्योतिषाची सांगड घालण्यात आयुष्य वेचले. तिकडे लुथरन शिष्याने कॅथलिक गुरूचा ग्रंथ जगापुढे आणला. इकडे इंग्रज अधिकारी आणि मराठी पंडित एका बाकावर बसले. सत्याचा शोध लागतो तेव्हा असे शेजार जुळून येतात.

केसांची साक्ष

शेवटी पुन्हा त्या खेळाकडे. माणसाच्या डीएनएत पूर्वजांच्या आठवणी साठविलेल्या असतात आणि यंत्राच्या साहाय्याने त्या पुन्हा जगता येतात, या कल्पनेवर तो उभा आहे. ही निव्वळ कल्पना आहे. परंतु डीएनएने कोपर्निकसविषयी एक खरी साक्ष दिली आहे. फ्रॉमबोर्कच्या कॅथेड्रलमध्ये तो पुरला गेला होता, पण थडग्यावर नाव नव्हते. २००५ साली तेथील फरशीखाली साधारण सत्तर वर्षांच्या पुरुषाची कवटी सापडली. कोपर्निकसने वापरलेले पंचांगाचे एक पुस्तक युद्धातील लूट म्हणून स्वीडनला गेले होते. ते उप्साला येथे जपून ठेवले आहे. त्याच्या पानांत काही केस अडकलेले होते. त्यांतील दोन केसांचा डीएनए कवटीतील दाताशी जुळला. २२ मे २०१० रोजी ख्रिस्तसभेने त्या अवशेषांचे त्याच कॅथेड्रलमध्ये सन्मानपूर्वक पुनर्दफन केले. नव्या काळ्या शिळेवर सूर्य मध्ये आणि ग्रह भोवती, असे सोनेरी सूर्याचे चित्र कोरले आहे. तो खेळ बाजारात आला तो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात.

ही चूक दुरुस्त करण्याची वाट ख्रिस्तसभेने त्याआधीच धरली होती. श्रद्धा आणि विज्ञान यांना एकमेकांच्या विरोधात उभे करणाऱ्या वृत्तीबद्दल दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली खेद नोंदविला. ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी गॅलिलिओच्या न्यायाधीशांची चूक जाहीरपणे मान्य केली. हे पोप पोलंडचे. कोपर्निकस ज्या क्राकोव विद्यापीठात शिकला, त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी.

त्या मुलाला आम्ही हे सारे एका बैठकीत सांगू शकलो नाही; दोन रविवार लागले. ऐकून झाल्यावर त्याने विचारले, "मग खेळ खोटा की चर्च चुकले?" आम्ही म्हणालो, खेळ खोटा आहे आणि चर्चही चुकले होते, एक म्हटल्याने दुसरे नाहीसे होत नाही. प्रभू येशूने म्हटले आहे की सत्य तुम्हांला बंधमुक्त करील. ते सत्य आपल्या सोयीचेच असेल, असे त्याने म्हटलेले नाही.

वाचकहो, उन्हाळ्यात आजही आपल्याकडे गच्चीवर अंथरुणे पडतात. अशा एखाद्या रात्री मुलांना पडद्यापुढून उठवून वर न्यावे. आपण निजलो आहोत ती गच्ची, आपली मोर्णा, आपली पूर्णा आणि तिकडचे फ्रॉमबोर्क, सारे एकाच वेगाने सूर्याभोवती धावत आहे, हे त्यांना सांगावे. आणि हे प्रथम साधार मांडणारा मनुष्य कॅथेड्रलचा कॅनन होता, हेही सांगावे.